काचेच्या पेटीतील कासव : हौस, कायदा आणि तीस वर्षांचा हिशेब

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस महसूल गुप्तचर संचालनालयाने नागपूर, भोपाळ आणि चेन्नई या तीन शहरांत एकाच वेळी कारवाई करून कासवांची ९५५ जिवंत पिल्ले ताब्यात घेतली. या प्रकरणी सहा जणांना अटक झाली. गंगेच्या खोऱ्यातून निघालेली ही पिल्ले रेल्वेमार्गाने दक्षिणेकडे नेली जात होती. ‘ऑपरेशन कच्छप’ या नावाने ही कारवाई ओळखली गेली. वृत्तपत्रांत ती एक-दोन दिवस गाजली आणि नेहमीप्रमाणे मागे पडली. मात्र तस्करांच्या पिशव्यांमध्ये प्रौढ कासवे नव्हती, तळहातावर मावतील अशी पिल्ले होती, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. मांसासाठी कासवांची जी चोरटी वाहतूक होते तीत मोठी जनावरे असतात. पिल्लांना मागणी असते ती घरात पाळणाऱ्यांकडून. या व्यापाराचे दुसरे टोक एखाद्या मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यातील काचेच्या पेटीपाशी येऊन थांबते, हे वास्तव अप्रिय असले तरी नाकारता येत नाही.

कासव, इग्वाना, बॉल पायथन यांसारखे सरपटणारे प्राणी पाळण्याची हौस गेल्या दोन दशकांत देशातील मोठ्या शहरांत झपाट्याने वाढली आहे. कुत्र्यामांजरांना सोसायटीचा आक्षेप असतो, त्यांना फिरवावे लागते, गावी जाताना त्यांची सोय लावावी लागते. कासव भुंकत नाही, केस गाळत नाही आणि फारसे खात नाही, अशी समजूत असते. त्यात कूर्म हा विष्णूचा अवतार. महाराष्ट्रातील असंख्य देवळांच्या सभामंडपात दगडी कासवापुढे मस्तक टेकवूनच भाविक गाभाऱ्याकडे वळतात. या श्रद्धेला अलीकडे वास्तुशास्त्र आणि फेंगशुई यांची जोड मिळाली असून, उत्तर दिशेला कासव ठेवल्याने धनलाभ होतो असे सांगणाऱ्यांची वाण नाही. सभामंडपातले कासव दगडाचे आहे आणि ते तसेच पुरेसे आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

नेमके कोणते कासव?

मराठीत पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या अशा दोन्ही प्राण्यांना ‘कासव’ हा एकच शब्द आहे. भाषेच्या दृष्टीने ही उणीव नव्हे. परंतु पाळणाऱ्याच्या हातून त्यामुळे जिवावर बेतणारी चूक घडू शकते. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव हे कोरड्या, खुरट्या माळरानावर राहणारे जनावर आहे. त्याला पोहता येत नाही. तरीही कासव म्हटले की पाणी हे समीकरण मनात इतके पक्के असते की, त्याला हौसेने पाण्याच्या टाकीत ठेवले जाते आणि ते बुडून मरते. उलट, पाण्यातल्या कासवाला अंग वाळवण्यासाठी कोरडी जागाच न दिल्याने त्याचे कवच सडू लागते.

भारतात गोड्या पाण्यातील आणि जमिनीवरील कासवांच्या मिळून २९ प्रजाती आढळतात. यांपैकी एकही प्रजाती घरात पाळण्यास सामान्य नागरिकाला मुभा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून अस्तित्वात आहे. त्यात डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने व्यापक दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पूर्वी सहा असलेल्या अनुसूची आता चार आहेत. स्टार कासव आधी चौथ्या अनुसूचीत, म्हणजे तुलनेने सौम्य शिक्षेच्या गटात होते. दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आले. या अनुसूचीतील प्राण्याविषयीच्या गुन्ह्यास किमान तीन वर्षे आणि कमाल सात वर्षे कारावास व किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. गावाकडच्या विहिरीतून उचलून आणलेले मऊ पाठीचे कासव असो, वा कुणी ‘शुभ’ म्हणून भेट दिलेले स्टार कासव असो, दुकानातून पावती घेऊन आणले म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. पावती हा येथे बचाव नसून पुरावा ठरण्याचा संभव अधिक.

विहिरीतील पाणी स्वच्छ राहावे म्हणून तीत कासव सोडण्याची जुनी रीत महाराष्ट्राच्या अनेक भागांत आहे. या रीतीमागे व्यापार नव्हता. आज चिंता आहे ती वेगळ्याच अंधश्रद्धेची. वीस नखांचे कासव पैशांचा पाऊस पाडते, या भाकडकथेपायी कासवांची लाखोंची बोली लागल्याच्या आणि त्यातून फसवणुकीचे गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या राज्यात वारंवार येत असतात. दोन तोंडांचा साप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मांडुळाच्या नशिबीही हेच आले. मांडुळाला दोन तोंडे नसतात, त्याची शेपटी बोथट असते एवढेच. पण तेवढ्या एका गैरसमजावर मोठी काळी बाजारपेठ उभी राहिली आहे.

व्यापाराचा आकार

सरपटणाऱ्या प्राण्यांचा चोरटा व्यापार किती मोठा आहे, याची काही मोजमापे उपलब्ध आहेत. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेने सप्टेंबर २००९ ते सप्टेंबर २०१९ या दहा वर्षांतील जप्तींचा अभ्यास केला, तेव्हा किमान १ लाख ११ हजार ३१० कासवे बेकायदा व्यापारात सापडल्याचे दिसून आले. म्हणजे आठवड्याला सरासरी दोनशेहून अधिक. हा आकडा केवळ पकडल्या गेलेल्या कासवांचा आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाच्या सीमाभागातील व्यापाराच्या एकाच केंद्रातून वर्षभरात स्टार कासवाची किमान ५५ हजार पिल्ले उचलली गेल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नमूद आहे. उत्तर भारतात डिसेंबर २०१६ ते जानेवारी २०१७ या अल्पकाळात वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने चालविलेल्या मोहिमेत १५ हजार ७३९ जिवंत कासवे हाती लागली होती. त्याच जानेवारीत उत्तर प्रदेशातील अमेठी येथे विशेष कृती दलाने एकाच छाप्यात सहा हजारांहून अधिक कासवे पकडली.

हा प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही. भारतातील स्टार कासवे आग्नेय आशियातील बाजारांकडे जातात आणि तिकडून इग्वाना, अजगर, रंगीत सरडे भारतात येतात. मुंबई आणि चेन्नई विमानतळांवर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात असे प्राणी सापडणे ही आता नित्याची बाब झाली आहे. २०११ ते २०२० या काळात देशातील १८ विमानतळांवर झालेल्या १४० जप्तींत ७० हजारांहून अधिक वन्यप्राणी व त्यांचे अवयव हस्तगत झाले होते आणि त्यांत सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्रमाण सर्वाधिक, सुमारे ४६ टक्के होते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर भारताने या बाबतीत सातत्याने पुढाकार घेतला, हे मान्य करावे लागेल. वन्यजीव व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘सायटीस’ कराराच्या २०१९ मधील जिनिव्हा परिषदेत स्टार कासवाला सर्वोच्च संरक्षण, म्हणजे पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत लीथच्या मऊ पाठीच्या कासवालाही तेच स्थान मिळाले. द्वीपकल्पीय भारतातील नद्यांत आढळणारी ही प्रजाती. गोदावरी आणि कृष्णेच्या खोऱ्यांशी तिचे नाते आहे. परंतु परिषदेच्या सभागृहातील ठराव आणि रेल्वेच्या डब्यातील पिशवी यांमधील अंतर फार मोठे असते.

परदेशी प्राण्यांची नोंदणी

देशी प्रजातींवर बंदी असल्याने हौशी मंडळी परदेशी प्रजातींकडे वळली. ‘हा प्राणी भारतातला नाही, म्हणून याला कायदा लागू नाही’ हे विक्रेत्याचे ठरलेले वाक्य असे आणि बऱ्याच काळपर्यंत ते तांत्रिकदृष्ट्या खोटेही नव्हते. प्राणी देशाच्या सीमेवरून कसा आत आला हे विचारणारी यंत्रणा होती. तो घरात आल्यावर विचारणारे कुणी नव्हते. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी स्वेच्छेने माहिती जाहीर करावी, अशी योजना आणली व त्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. मुदतीत माहिती देणाऱ्यास प्राण्याची कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. या सवलतीचा लाभ प्रामाणिक पाळणाऱ्यांना झाला, तसाच तस्करीतून आलेल्या प्राण्यांनाही झाला, अशी टीका त्यावेळी झाली आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

त्यापुढची पायरी म्हणजे २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झालेले नियम. कायद्याच्या नव्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे सायटीसच्या परिशिष्टांवर आधारलेल्या यादीत असलेला कोणताही जिवंत प्राणी ज्याच्यापाशी आहे, त्याने ‘परिवेश २.०’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक झाले. आधीपासून प्राणी बाळगणाऱ्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती आणि ती ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. नव्याने प्राणी ताब्यात आल्यास ३० दिवसांत अर्ज करावयाचा आहे. हिरवा इग्वाना आणि बॉल पायथन हे दोन्ही सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात येत असल्याने ते घरात असणाऱ्यास ही नोंदणी टाळता येत नाही. नोंदणी न करणे हा वन्यजीव कायद्याचा भंग ठरतो.

प्राणी निवडण्याआधी याद्या पाहाव्यात, हा या नियमांचा साधा अर्थ. तो दुकानाच्या काउंटरवर क्वचितच सांगितला जातो. पाळीव प्राण्यांच्या दुकानांनाही २०१८ च्या नियमांनुसार राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. गिऱ्हाइकाने ते प्रमाणपत्र दाखवा म्हटले तर किती दुकानदार दाखवू शकतील, हा प्रश्न प्रत्येक शहरातील बाजारात विचारून पाहण्याजोगा आहे.

सर्वांत स्वस्त, सर्वांत अवघड

तथापि, सर्वाधिक घरांत जे कासव आहे त्याची गोष्ट निराळी आहे. कानाजवळ लाल पट्टा असलेले ‘रेड इअर्ड स्लायडर’ हे कासव अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. तेथील शेतांवर त्याची पैदास करून जगभर निर्यात झाली. भारतात मत्स्यालयाच्या दुकानांतून ते माशांच्या शेजारीच विकले जात आले आहे. पिल्लू हिरवेगार आणि रुपयाच्या नाण्याहून थोडेच मोठे असते. विक्रेता ते एवढेच राहील असे सांगतो. प्रत्यक्षात मादीचे कवच २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट निगा राखल्यास हे कासव वीस, तीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. चौथीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेले कासव त्या मुलाच्या लग्नातही घरात असू शकते!

त्याच्या निगेचा हिशेब मांडला तर ‘स्वस्त पाळीव प्राणी’ ही कल्पना टिकत नाही. कवचाच्या दर इंचामागे सुमारे ४० लिटर पाणी असावे, असा जाणकारांचा ढोबळ नियम आहे. म्हणजे पूर्ण वाढलेल्या एका मादीसाठी चारशे लिटरची टाकी हवी. कासव माशांपेक्षा कितीतरी अधिक घाण करते, त्यामुळे माशांच्या टाकीतला छोटा फिल्टर उपयोगाचा नाही. पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि त्याला चढून बसता येईल अशी कोरडी, ३० ते ३२ अंश उबदार जागा आवश्यक असते. सरपटणारा प्राणी शरीराची ऊब स्वतः निर्माण करत नाही. दिल्ली-इंदूरच्या थंडीत पाणी गार पडले की त्याचे पचन थांबते, श्वसनमार्गाला संसर्ग होतो आणि ते पाण्यात एका अंगावर कलून पोहू लागते. मालकाला वाटते की ते खेळत आहे.

प्रकाशाचा मुद्दा तर जवळपास सर्वत्र दुर्लक्षित राहतो. सूर्यप्रकाशातील अतिनील ‘बी’ किरणांवाचून कासवाच्या अंगात ‘ड ३’ जीवनसत्त्व तयार होत नाही. ते नसेल तर आहारातील कॅल्शियम हाडांत व कवचात उतरत नाही. परिणामी कवच मऊ पडते, वेडेवाकडे वाढते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा येथे उपयोग नसतो, कारण हे किरण काच जवळजवळ पूर्णपणे अडवते. एकतर रोज काही वेळ खुले ऊन आणि शेजारी सावली द्यावी किंवा त्यासाठीचा खास दिवा लावावा. दिव्याचा उजेड दिसत राहिला तरी त्याची किरणे काही महिन्यांत क्षीण होतात, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी तो बदलावा लागतो. मुंबईतल्या मे महिन्याच्या उन्हात काचेची पेटी गॅलरीत ठेवणे मात्र त्याला शिजवण्यासारखेच आहे.

आहाराबाबत दुकानातून मिळणारा सल्ला म्हणजे वाळवलेल्या कोळंबीची डबी. केवळ त्यावर वाढलेल्या कासवात ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता होऊन डोळे सुजतात, मिटतात. दिसेनासे झाल्याने ते खाणे सोडते. स्लायडर लहानपणी मांसाहाराकडे झुकलेले आणि मोठेपणी बरेचसे शाकाहारी होते, हे लक्षात घेऊन पालेभाज्या, पाणवनस्पती आणि चांगल्या प्रतीच्या गोळ्या यांचा मेळ घालावा लागतो. अनेक घरांत कासवाला दूध-पाव दिला जातो. कोणत्याही कासवाचा तो आहार नव्हे.

आणखी एक बाब घरातल्या माणसांविषयीची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असतात आणि निरोगी दिसणाऱ्या कासवापासूनही ते माणसाला होऊ शकतात. अमेरिकेत लहान मुलांना झालेल्या अशा संसर्गांमुळे १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. मुले तेवढे कासव तोंडात घालतात, हे त्यामागचे कारण. पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेला वृद्ध ज्या घरात आहे तेथे कासव न आणणे हेच शहाणपणाचे. ज्यांच्या घरात ते आहे त्यांनी टाकी स्वयंपाकघराच्या ओट्यात धुऊ नये आणि कासवाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

सोडून देण्याचे पुण्य

कासव मोठे झाले, पाण्याला वास येऊ लागला, मुलाचे मन दुसरीकडे रमले, की कुटुंब त्याला जवळच्या तलावात किंवा देवळाच्या तळ्यात सोडून येते. सोडणाऱ्याला आपण एका जिवाला मुक्त केले असे वाटते. येथूनच खरा प्रश्न सुरू होतो. जगातील सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत या कासवाचा समावेश आहे. ते चपळ आणि खादाड आहे. ऊन खाण्याच्या जागा, अन्न आणि अंडी घालण्याचे काठ यांसाठी देशी कासवांशी ते स्पर्धा करते, शिवाय त्यांच्यात नवे रोग पसरवू शकते. गुवाहाटीतील उग्रतारा मंदिराच्या तळ्यात आणि दीपोर बील या पाणथळ क्षेत्रात ते आढळले आहे. केरळमधील वनसंशोधन संस्थेने नागरिकांनी तलावात न सोडता ही कासवे संस्थेकडे आणून द्यावीत, असे आवाहन करून ती गोळा केली आहेत. ज्या देशाने आपली देशी कासवे वाचविण्यासाठी जिनिव्हा आणि पनामा गाजविले, त्याच देशाच्या तळ्यांत परके कासव पुण्य म्हणून सोडले जावे, हा विरोधाभास गंभीर आहे.

कायद्याची चौकट येथे थोडी अपुरी पडते. सायटीसच्या याद्यांमागील मूळ विचार दुर्मीळ होत चाललेल्या जीवांना व्यापारापासून वाचविण्याचा आहे. स्लायडरचा धोका नेमका उलट आहे. तो विपुल आहे म्हणूनच घातक आहे. त्यासाठी २०२२ च्या दुरुस्तीत ६२-अ हे स्वतंत्र कलम घालण्यात आले असून, आक्रमक परकीय प्रजातींची आयात, विक्री, बाळगणे व प्रसार यांवर अधिसूचनेद्वारे निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला त्याद्वारे मिळाला आहे. स्लायडरसारख्या प्राण्याचे प्रकरण याच कलमाच्या कक्षेत हाताळणे सयुक्तिक ठरेल.

मात्र निर्बंध कशावर, याचा विचार आधी व्हावयास हवा. युरोपीय संघाने १९९७ मध्ये या कासवाची आयात थांबविली, तोवर लक्षावधी कासवे घरोघर पोहोचली होती. जपानने जून २०२३ पासून जो मार्ग स्वीकारला तो अधिक व्यवहारी वाटतो. तेथे या कासवाची विक्री, आयात आणि निसर्गात सोडणे यांवर बंदी आहे, पण ज्यांच्या घरात ते आधीच आहे त्यांना ते वेगळ्या परवान्याविना सांभाळता येते. बाळगणेच एका दिवसात गुन्हा ठरविले तर घाबरलेली कुटुंबे रात्रीतून ती कासवे नदीत सोडतील, हा धोका जपानने ओळखला. भारतात तर लोकांकडून परत आलेली कासवे स्वीकारून ठेवील अशी सोय फारच थोड्या ठिकाणी आहे. प्राणिसंग्रहालये भरलेली, वनविभागाची उपचार केंद्रे देशी वन्यप्राण्यांसाठी उभारलेली आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करू शकणारे पशुवैद्य महानगरांतही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ही व्यवस्था न उभारता काढलेली कोणतीही अधिसूचना कागदावरच राहील.

तोपर्यंत ज्यांच्या घरात स्लायडर आहे त्यांच्यापुढे दोनच उचित मार्ग उरतात : त्याला आयुष्यभर नीट सांभाळणे किंवा जबाबदारी घेऊ शकणाऱ्या दुसऱ्या पाळणाऱ्याकडे वा प्राणी बचाव संस्थेकडे सोपविणे. देशी कासव हाती आले असल्यास ते परस्पर तळ्यात सोडणेही योग्य नाही. ते मुळात कोणत्या प्रदेशातले आहे, त्याला कोणता आजार आहे, हे तज्ज्ञाने तपासल्यावाचून केलेली सुटका त्याच्या आणि तेथील इतर कासवांच्याही जिवावर उठू शकते. अशा वेळी वनविभागाला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा ‘हॅलो फॉरेस्ट’ मदत क्रमांक आहे, इतर राज्यांत जिल्हा वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी संपर्क साधता येतो. ते कासव हस्तांतरित होईपर्यंत त्याला सावलीत, हवा खेळत्या खोक्यात ठेवावे. पाठीवर चांदण्या असतील तर पाण्यात ठेवू नये.